फटका निवडताना

(ताकदीने मारलेला चेंडू पाहून प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण सामना जिंकायला केवळ ताकद पुरत नाही. कोणत्या वेळी कोणता फटका मारायचा हे ओळखावे लागते. टेनिसच्या एकेरी सामन्यात ही निवड कशी करावी, हे लेखकाने या पाठात समजावून सांगितले आहे.)

आमच्या गावच्या जिमखान्यात मातीची दोन टेनिस कोर्ट होती. तेथे एक वृद्ध मार्कर काम करीत. मार्कर म्हणजे कोर्टाची निगा राखणारा आणि सभासदांबरोबर खेळणारा माणूस. पहाटे ते कोर्टावर पाणी शिंपडत, रोलर फिरवत, चुन्याच्या रेषा मारत आणि मग जाळी बांधत. आम्ही मुले त्यांना मार्करचाचा म्हणत असू. आम्ही चेंडू उचलून द्यायचे आणि त्याबदली सभासद घरी गेल्यावर चाचांनी आम्हांला जुन्या रॅकेटने खेळू द्यायचे, असा आमचा करार होता. मी टेनिस शिकलो ते असे.

कॉलेजात असताना मी एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. माझा प्रतिस्पर्धी सडपातळ होता. त्याच्या फटक्यांत जोर नव्हता. चेंडू उंचावरून हळूच यायचा आणि कोर्टाच्या टोकाशी पडायचा. मी मात्र प्रत्येक चेंडूवर तुटून पडत होतो. माझ्या काही फटक्यांना इतक्या टाळ्या पडल्या, की सामना मीच जिंकणार असे मला वाटू लागले. प्रत्यक्षात मी ४-६, ५-७ असा हरलो.

मी मान खाली घालून बाकावर बसलो. चाचांनी खिशातून लहानशी डायरी काढली. तिच्यात पेन्सिलीने दोन रकाने आखलेले होते. एका रकान्यावर लिहिले होते, ‘त्याने मिळवले’ आणि दुसऱ्यावर, ‘आपण दिले’.

“मोज,” चाचा म्हणाले.

मी खुणा मोजल्या. माझ्या प्रतिस्पर्ध्याला एकूण ७६ गुण मिळाले होते. त्यांपैकी १७ त्याने स्वतःच्या फटक्यांनी मिळवले होते. उरलेले ५९ गुण मी दिले होते. कधी चेंडू जाळीत मारून, तर कधी रेषेबाहेर घालवून!

“बेटा, त्याने तुला हरवले नाही. तू हरलास,” चाचा म्हणाले.

विद्यार्थी मित्रांनो, हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेत सायमन रॅमो नावाचे एक नामवंत अभियंता होते. त्यांना टेनिसची आवड होती. त्यांनी सामन्यांतील गुणांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांना एक गंमत आढळली. व्यावसायिक खेळाडूंच्या सामन्यात बहुतेक गुण चांगल्या फटक्यांनी ‘जिंकले’ जातात. हौशी खेळाडूंच्या सामन्यात मात्र सुमारे ८० टक्के गुण चुकांमुळे ‘गमावले’ जातात. म्हणजे नाव एकच असले तरी हे दोन निराळे खेळ आहेत. दूरदर्शनवर आपण पहिला खेळ पाहतो आणि मैदानावर गेल्यावर त्याची नक्कल करतो. आपण खेळत असतो दुसरा खेळ! तेथे कमी चुका करणारा जिंकतो.

मग काय, नुसते चेंडू ढकलत राहायचे? नाही. योग्य फटका निवडायचा. त्यासाठी आधी कोर्टाची मोजमापे नीट समजून घेऊ.

टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. एकेरी सामन्यासाठी त्याची रुंदी २७ फूट धरतात. मधली जाळी सर्वत्र सारख्या उंचीची नसते. खांबांपाशी ती साडेतीन फूट उंच असते, तर मध्यभागी तीन फूट. आता समजा, तुम्ही उजव्या कोपऱ्यात उभे आहात. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. चेंडू समोरच्या बाजूरेषेला धरून सरळ मारता येईल किंवा दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्याकडे तिरका मारता येईल. सरळ फटक्याला जास्तीत जास्त ७८ फूट लांबी मिळते. तिरक्या फटक्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे साडेब्याऐंशी फूट मिळतात. पायथागोरसच्या सिद्धान्ताने हे तुम्ही स्वतः काढून पाहू शकता. शिवाय तिरका चेंडू जाळीच्या मधल्या, सखल भागावरून जातो. सरळ चेंडूला मात्र उंच भाग ओलांडावा लागतो. म्हणून तिरक्या फटक्यात चेंडू जाळीत अडकण्याची आणि बाहेर जाण्याची, दोन्ही भीती कमी असते.

तिरक्या फटक्याचा आणखी एक फायदा आहे. फटका मारला की काम संपत नाही, पुढच्या चेंडूसाठी योग्य जागी परतावे लागते. प्रतिस्पर्धी ज्या दोन टोकांना चेंडू मारू शकतो, त्यांच्या मधोमध उभे राहणे चांगले. तुम्ही उजव्या कोपऱ्यातून तिरका फटका मारलात, तर ही जागा कोर्टाच्या मध्यापासून किंचित उजवीकडे असते. तेथे तुम्ही थोड्या पावलांत पोहोचता. तुम्ही सरळ फटका मारलात, तर तीच जागा मध्याच्या डावीकडे सरकते. तेवढे धावून तुम्ही वेळेवर पोहोचला नाहीत, तर उरलेले कोर्ट मोकळे सापडते. सरळ फटका मारून आपण टाळ्या मिळवतो आणि पुढच्याच चेंडूवर धाप लागून उभे राहतो, ते यामुळेच.

चेंडूची दिशा बदलणेही सोपे नसते. तिरका आलेला चेंडू तिरकाच परतवताना रॅकेटचे तोंड चेंडू जिकडून आला तिकडेच ठेवायचे असते. तोच चेंडू सरळ मारायचा झाला, तर रॅकेटचा कोन अचूक साधावा लागतो. त्यात थोडी चूक झाली, तरी चेंडू बाजूरेषेबाहेर जातो. म्हणून पळत असताना किंवा तोल गेलेला असताना दिशा बदलू नये. तोल सांभाळलेला असेल, चेंडू हलका आलेला असेल, तेव्हाच ते धाडस करावे.

आता थोडे गणित करू. समजा, कोपऱ्यात अडकलेले असताना तुम्ही दहा वेळा रेषेवर जोरदार सरळ फटका मारलात. तीन चेंडू आत पडले आणि तिन्ही वेळा तुम्हांला गुण मिळाला. सात चेंडू वाया गेले. म्हणजे तीन गुण तुमचे आणि सात त्याचे. त्याच जागेवरून तुम्ही दहा वेळा उंच, खोल आणि तिरका फटका मारलात असे समजा. नऊ चेंडू आत पडले. त्यांवर लगेच गुण मिळाला नाही, खेळ पुढे चालू राहिला. त्या नऊपैकी निम्म्याहून कमी, म्हणजे चारच गुण शेवटी तुम्हांला मिळाले. तरीही चार हे तीनपेक्षा जास्तच! दहा वेळांत एका गुणाचा हा फरक छोटा वाटतो. पण संपूर्ण सामन्यात अशा छोट्या फरकांची बेरीज मोठी होते.

फटका निवडायला वेळ मात्र फार थोडा असतो. चेंडू जाळीपलीकडून येईपर्यंत निर्णय झालेला असावा लागतो. त्यासाठी चाचांनी मला तीन प्रश्न शिकवले होते.

पहिला प्रश्न : मी कोठे आहे? कोर्टाची मागची रेषा म्हणजे बेसलाइन. आपण बेसलाइनच्या बरेच मागे किंवा बाजूला फेकले गेलो असू, तर तो बचावाचा प्रसंग समजावा. अशा वेळी उंच आणि खोल चेंडू मारावा. तो हवेत असताना आपल्याला जागेवर परतायला वेळ मिळतो. आपण बेसलाइनजवळ असू, तर तिरके फटके मारत संधीची वाट पाहावी. चेंडू आखूड पडला आणि आपण कोर्टाच्या आत असलो, तर मात्र संधी आली असे समजावे. तेव्हा मोकळ्या जागेत मारावे आणि पुढे जाळीकडे जावे. अर्ध्यातच थांबू नये. बेसलाइन आणि सर्व्हिसची रेषा यांमध्ये १८ फुटांचे अंतर असते. तेथे रेंगाळणाऱ्याच्या पायांशी चेंडू पडतो आणि त्याची त्रेधा उडते.

दुसरा प्रश्न : चेंडू किती उंच आहे? चेंडू जाळीच्या उंचीपेक्षा खाली असेल, तर तो आधी वर उचलावा लागतो. त्यावर जोराने प्रहार केला, की तो जाळीत तरी जातो किंवा बाहेर तरी. अशा चेंडूशी सबुरीनेच वागावे. कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीचा, हलका आलेला चेंडू मात्र ठामपणे मारावा. त्याच्याशी लाजतलाजत वागणे हीसुद्धा चूकच आहे.

तिसरा प्रश्न : प्रतिस्पर्धी कोठे आहे? तो एका कोपऱ्यात असेल, तर दुसरा कोपरा मोकळा असतो. तो जाळीपाशी आला असेल, तर चेंडू त्याच्या पायांशी टाकावा किंवा त्याच्या डोक्यावरून उंच मारावा. या उंच फटक्याला ‘लॉब’ म्हणतात. तो बराच मागे उभा असेल आणि आपण कोर्टाच्या आत असू, तर चेंडू जाळीपलीकडे अलगद टाकण्याचा ‘ड्रॉप शॉट’ कामी येतो. मात्र आपणच बेसलाइनच्या मागे असताना तो मारू नये. चेंडूला लांबचा प्रवास करावा लागतो, तेवढ्यात प्रतिस्पर्धी धावत पोहोचतो.

ताकदवान खेळाडूला केवळ फटक्यांच्या निवडीने हरवता येते का? येते. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९७५ सालच्या विंबल्डन स्पर्धेत घडले.

त्या वर्षी पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात अमेरिकेचेच दोन खेळाडू समोरासमोर आले. एक होता २२ वर्षांचा जिमी कॉनर्स. तो आदल्या वर्षीचा विजेता होता आणि अंतिम सामन्यापर्यंत त्याने एकही सेट गमावला नव्हता. दुसरा होता ३१ वर्षांचा आर्थर ॲश. ॲश कृष्णवर्णीय होता. त्याचे वडील रिचमंड शहरात कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या मैदानाची देखभाल करीत. त्या मैदानावरच ॲश टेनिस शिकला. १९६८ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा त्याने हौशी खेळाडू म्हणून जिंकली होती. हौशी असल्यामुळे बक्षिसाची रक्कम त्याला घेता आली नव्हती. पण कॉनर्सविरुद्ध त्याची डाळ शिजत नसे. त्याआधीचे तिन्ही सामने कॉनर्सनेच जिंकले होते.

ॲश स्वतः जोरकस फटके मारणारा खेळाडू होता. कॉनर्सला मात्र असेच फटके आवडत. समोरून जितका वेगवान चेंडू येई, तितक्याच वेगाने तो परतवी. ॲशने मित्रांबरोबर विचार केला आणि आपला नेहमीचा खेळ बाजूला ठेवला. त्या दिवशी त्याने कॉनर्सला वेग दिलाच नाही. चेंडू हळू आणि खाली ठेवला. कॉनर्सचा दोन हातांचा बॅकहँड भक्कम होता. म्हणून रांगते, मंद चेंडू त्याच्या फोरहँडकडे टाकले. कॉनर्स दोन्ही हातांनी रॅकेट धरून बॅकहँड मारत असल्याने लांबचा चेंडू गाठणे त्याला जड जाई. म्हणून सर्व्हिस करताना ॲशने चेंडू त्याच बाजूला, बाहेरच्या अंगाला वळवला. कॉनर्स पुढे आला, की ॲश त्याच्या डोक्यावरून लॉब मारी.

पहिले दोन सेट ॲशने ६-१, ६-१ असे जिंकले. तिसरा सेट कॉनर्सने ७-५ असा घेतला आणि चौथ्यात ३-० अशी आघाडी मिळवली. खरी कसोटी येथेच होती. अशा वेळी घाबरून जुन्या सवयीकडे वळावेसे वाटते. ॲशने तसे केले नाही. बाजू बदलताना मिळणाऱ्या विश्रांतीत तो डोळे मिटून शांत बसे आणि उठून पुन्हा ठरवलेलाच खेळ खेळे. चौथा सेट त्याने ६-४ असा जिंकला. विंबल्डनमध्ये पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. आपल्याला काय आवडते यापेक्षा समोरच्याला काय आवडत नाही, याचा त्याने विचार केला होता.

आपणही आपल्या पातळीवर हे करू शकतो. सामन्यापूर्वी दोन्ही खेळाडू पाच मिनिटे सराव करतात. तेव्हा केवळ हात मोकळे करू नयेत, डोळेही उघडे ठेवावेत. प्रतिस्पर्ध्याचा बॅकहँड कच्चा आहे का? खांद्यावर आलेला चेंडू त्याला जड जातो का? तो जाळीजवळ यायला कचरतो का? यांपैकी एक गोष्ट कळली, तरी सामन्याची निम्मी तयारी झाली. सामना सुरू झाल्यावर दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंदांपर्यंत वेळ मिळतो. गेलेल्या गुणावर चिडण्यात तो दवडू नये. पुढचा चेंडू कोठे टाकायचा, एवढेच ठरवावे. गुणफलकाकडेही नजर असावी. ४०-० अशी आघाडी असेल, तर एखादा धाडसी फटका मारून पाहायला हरकत नाही. ३०-४० असे मागे असताना मात्र आपल्याला सर्वांत चांगला येणारा फटकाच मारावा.

एक गोष्ट मात्र डावपेचांत बसत नाही. हौशी सामन्यांत पुष्कळदा पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचे असते. चेंडू नीट दिसला नसेल, तर तो आत पडला असेच मानायचे, असा या खेळाचा रिवाज आहे. संशयाचा फायदा नेहमी समोरच्याला! इमान विकून मिळवलेला गुण ‘त्याने मिळवले’ या रकान्यातही बसत नाही आणि ‘आपण दिले’ या रकान्यातही नाही.

त्या पराभवानंतर चाचांनी माझा सराव बदलला. त्यांनी जाळीच्या दोन्ही खांबांना बांबू बांधले आणि जाळीच्या वर तीन फुटांवर एक दोरी ताणली. चेंडू दोरीच्या वरूनच गेला पाहिजे, असा नियम केला. मग पलीकडच्या कोर्टात रेषांच्या तीन फूट आत त्यांनी रिकामे डबे मांडले. “नेम डब्यावर धर, रेषेवर नको,” ते म्हणत. “नेम चुकला तरी चेंडू आत राहिला पाहिजे.” तुमच्या शाळेत टेनिसचे कोर्ट नसेल, तरी काही बिघडत नाही. भिंतीवर तीन फूट उंचीची रेषा आखा आणि चेंडू तिच्या दोन-तीन फूट वर, सलग वीस वेळा मारून पाहा. सातव्या-आठव्या वेळी जोराने मारण्याचा मोह होईल. तो आवरणे, हाच खरा सराव आहे.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत तोच प्रतिस्पर्धी पुन्हा माझ्या समोर आला. सामना तीन सेटपर्यंत रंगला. या वेळी मला फारशा टाळ्या मिळाल्या नाहीत. मी उंच, खोल, तिरके फटके मारत राहिलो आणि संधी आली तेव्हाच पुढे गेलो. तिसऱ्या सेटमध्ये त्याने दोन अप्रतिम फटके मारले आणि मी हरलो.

मी बाकावर येऊन बसलो. चाचांनी डायरी माझ्यापुढे धरली. ‘आपण दिले’ हा रकाना या वेळी निम्मासुद्धा भरलेला नव्हता. ‘त्याने मिळवले’ हा रकाना मात्र खालपर्यंत भरला होता.

“बेटा, गेल्या वर्षी तू हरला होतास,” चाचा म्हणाले. “आज त्याला तुला हरवावे लागले. ऊठ, त्याच्याशी हात मिळव.”

मी उठलो आणि हात मिळवला. त्याचा हात घामाने ओला झाला होता. तो हसून म्हणाला, “आज तुम्ही मला फार दमवलंत!”

इतक्या टाळ्यांनी मला जे समाधान दिले नव्हते, ते त्या एका वाक्याने दिले.

शब्दार्थ

प्रतिस्पर्धी – सामन्यात विरुद्ध बाजूने खेळणारा
हौशी – पैशासाठी नव्हे, तर आवडीसाठी खेळणारा
व्यावसायिक – खेळ हाच ज्याचा व्यवसाय आहे असा
रकाना – उभ्या रेषांनी आखलेला भाग
सखल – उंचीने कमी असलेला
खोल फटका – समोरच्या बेसलाइनजवळ पडणारा फटका
सबुरी – धीर, संयम
रिवाज – पद्धत, चाल

वाक्प्रचार

तुटून पडणे – सर्व शक्तीनिशी हल्ला करणे
डाळ न शिजणे – काही उपाय न चालणे
त्रेधा उडणे – गडबड होणे, गोंधळून जाणे
मोह आवरणे – मनातील इच्छेला ताब्यात ठेवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मार्कर म्हणजे कोण?
(आ) लेखकाने पहिल्या अंतिम सामन्यात किती गुण स्वतः दिले होते?
(इ) पंच नसताना चेंडू नीट दिसला नाही, तर काय मानायचे असते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) तिरका फटका सरळ फटक्यापेक्षा सुरक्षित का असतो? दोन कारणे लिहा.
(आ) चाचांनी शिकवलेले तीन प्रश्न कोणते?
(इ) आर्थर ॲशने कॉनर्सविरुद्ध कोणते डावपेच वापरले?

३. ‘गेल्या वर्षी तू हरला होतास. आज त्याला तुला हरवावे लागले.’ या दोन वाक्यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

४. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

५. या पाठातील मैदान, जोर, नजर, तयारी हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

६. उपक्रम : तुमच्या शाळेतील कोणत्याही खेळाचा एक सामना पाहा. चाचांप्रमाणे दोन रकाने आखून गुणांची नोंद करा आणि तुम्हांला काय आढळले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.